तव्यापाशी कोण उभं राहणार?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्या दमाने येतो. पाश्चात्त्यांनी स्वयंपाकघराला कुलूप लावलं, बाहेरून मागवून खायला लागले आणि त्यांची कुटुंबं मोडली. आता पोळी-भाजी केंद्रं आणि घरपोच डबे आपलंही तेच करणार, असा त्याचा एकूण सूर. खाली जोडलेले हात. या खेपेला तो मामांनी टाकला आणि रोख कुणाकडे आहे ते सगळ्यांना लगेच कळलं. सोलापुरात माझ्या आईने रोजच्या भाकऱ्या थापणं बंद केलंय. ती एका बचत गटाच्या बायकांकडून आणते, आमटी-भाजी घरी. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले, पण ‘ताईकडे हल्ली विकतची भाकरी असते’ हे नातेवाइकांत अजूनही आवाज खाली करून सांगितलं जातं.

मी नोकरीमुळे जर्मनीत, श्टुटगार्टला राहते. म्हणजे त्या मजकुरातल्या मोडक्या घरांच्या अगदी भिंतीला भिंत लावून. तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

शेजारच्या घरात संध्याकाळी साडेसहाला जेवण. राईचा ब्रेड, चीज, मुळ्याच्या चकत्या, मांसाचे पातळ काप, व्हिनेगरात मुरलेली काकडी. बाप ब्रेड कापतो, मुलं बशा मांडतात, गॅस पेटतच नाही. इथल्या जुन्या रीतीत गरम जेवण दुपारचं, रात्री हे असं थंड. मला स्वतःला ते जेवण वाटत नाही, इतक्या वर्षांनीही नाही. पण पाचही माणसं एकाच वेळी टेबलाशी बसतात, कारण तव्यावरून कुणाला काही आणून वाढायचं नसतं. कुटुंब मोडल्याची खूण मला तरी तिथे दिसलेली नाही.

म्हणून हे लोक देवमाणसं आहेत असंही नाही. फ्रीजरमधला पिझ्झा इथे धो धो खपतो. आणि २०२२च्या सरकारी पाहणीत जर्मन बायका बिनपगारी कामाला आठवड्याचे जवळपास ३० तास देत होत्या, तर पुरुष जवळपास २१. आपल्याकडच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषाची ९७. ही ९७ मिनिटंसुद्धा फक्त त्या पुरुषांची, जे घरकामाला हात लावतात. असे पुरुष शंभरात २६. उरलेल्यांत आमच्या ग्रुपवर हात जोडणारे किती, ते मी मोजत बसले नाही.

आता ज्या चवीसाठी एवढा गळा काढला जातो तिच्याकडे येते, कारण ती चव माझीही आहे.

परातीत ज्वारीचं पीठ, मध्ये खळगा, त्यात कढत पाणी. पीठ जुनं असलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरीच्या कडा चिरतात. मग पाणी आणखी कढत घ्यायचं आणि जास्त मळायचं. आईचा तळवा थापता थापताच भाकरी परातीत फिरवत असे. तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर, लगेच तिच्यावर पाण्याचा हात, ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. शेवटी जाळावर धरली की टम्म फुगे. फुगलेली पहिली बाबांच्या ताटात, दुसरी भावाच्या, तिसरी माझ्या. वर शेंगाची चटणी, तिच्यात दही. पोपडा हाताने उचकटला की आतून वाफ यायची आणि बोट भाजायचं.

या आठवणीत आई आहे ती पाठमोरी. ती स्वतः काय जेवायची, कधी जेवायची, किती गरम जेवायची, हे मला सांगता येणार नाही. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर मी तिला विचारलं, तुला सगळ्यात काय आवडतं गं? मला वाटलं, हुलग्याचं माडगं म्हणेल. ती म्हणाली, “दुसऱ्याने केलेलं काहीही.”

घरचं खाणं विकत घेतलं की घर बुडतं, हा शोध तसा अलीकडचाच. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून बायको-मुलं मागे ठेवून आलेल्या कामगारांच्या पिढ्यान् पिढ्या खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवल्या. महिन्याचे पैसे द्यायचे, दोन वेळचं ताट घ्यायचं. बायका सावकाराच्या व्याजात पिचलेल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली. म्हणजे घरगुती जेवणाचा धंदा मराठी माणसाला नवा नाही. तेव्हा संस्कृती बुडाल्याचं कुणी म्हटलं नाही, कारण पैसे मोजून जेवणारा पुरुष होता आणि त्याच्या गावच्या घरी चूल पेटलेलीच होती. आज तेच पैसे एखादी बाई स्वतःची सुटका व्हावी म्हणून मोजते, तेव्हा कुटुंबव्यवस्थेची आठवण होते.

विकतच्याची बाजू घेताना एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. रोज बाहेरचं आलं की मीठ-तेल दुसऱ्याच्या हातात जातं, आणि पुढच्या पिढीच्या हाताला काहीच वळण लागत नाही. इथे या प्रश्नाचं उत्तर खिशाने दिलं. जर्मनीत २०२५ साली किमान वेतन ताशी १२.८२ युरो. स्वयंपाकाला रोज दोन तास मावशी ठेवायच्या म्हटलं तर महिन्याला साडेसातशे युरोंच्या वर जातात. ते परवडेना, त्यामुळे काम घरातल्या घरात वाटून घ्यावं लागलं. नवऱ्याला भाकरी येते, जाड थापतो, पण येते. मुलगा वरण-भात आणि कोशिंबीर करतो. फोडणी देताना धुराचा अलार्म वाजू नये म्हणून आधी खिडकी उघडतो. हे आमचं थोरपण नव्हे. सोलापुरात असतो तर मावशी ठेवल्या असत्या आणि मुलाला मोहरी कधी तडतडते तेही कळलं नसतं.

आणि आम्ही सगळ्या भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवतो, मग एकदम बसतो. त्या मऊ पडतात, पापुद्रा बसतो, वाफ येत नाही. चवीत हे खाली आहे, हे कबूल. फुगलेली भाकरी थेट ताटात हवी असेल तर कुणीतरी तव्यापाशी उभं राहायला हवं आणि आमच्याकडे त्याची पाळी लावतात. रविवारी माझी पाळी नसते, तेव्हा मला गरम मिळते.

मामांना मी एवढंच लिहिलं, की चूल पेटती राहावी असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर आठवड्यातले दोन दिवस तुम्ही घ्या. त्यांनी अंगठा पाठवला. तो होकार की निरोप, कळायला मार्ग नाही.

आईशी मात्र यावर नीट बोलणं झालं. त्या बचत गटाच्या बायका दिवसभर भाकऱ्या थापून घरी जातात, तेव्हा त्यांच्या घरी कोण थापतं, असं मी विचारलं. आईने ते आधीच विचारून ठेवलं होतं. एकीची सून करते. दुसरी जाताना तिथल्याच चार बांधून नेते, आणि त्याचे पैसे तिच्या हिशेबातून कापले जातात.