कॉनरॅडने 'जे घडलं तेच' लिहिलं? कुठलं काय!

इंग्रजी कादंबरीकार जोसेफ कॉनरॅडबद्दल एक दावा सारखा फिरतोय. साधारण असा: हा माणूस 20 वर्षं जहाजाचा कप्तान होता, समुद्रावर जे भोगलं ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं, कल्पनाशक्ती वगैरे लागलीच नाही, त्यामुळे तुम्हीही आधी अनुभव घ्या आणि मगच लिहायला बसा. ऐकायला झकास आहे, पण एकेक गोष्ट हातात घेतली की ती टिकत नाही.

आधी ते कप्तानपद. 1874 ला सोळा वर्षांचा हा पोलिश पोरगा फ्रान्सच्या मार्सेय बंदरात गेला आणि 1894 च्या सुरुवातीला त्याने जहाज सोडलं, म्हणजे हिशोबाने 20 वर्षं भरतात खरी, पण त्यातला बराच काळ परीक्षा देण्यात नाहीतर पुढच्या जहाजाची वाट बघण्यात जमिनीवरच गेला. मास्टरचं, म्हणजे कप्तान व्हायचं, सर्टिफिकेट मिळालं 1886 ला. आणि समुद्रावर चालणारं जहाज स्वतःच्या ताब्यात आलं ते एकदाच, ओटागो, 1888 पासून साधारण सव्वा वर्ष. बाकी सगळा काळ खलाशी नाहीतर कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, सेकंड मेट, फर्स्ट मेट. म्हणजे हुकूम सोडण्यापेक्षा ऐकलेच जास्त.

आता 'जसंच्या तसं'. त्याची 'यूथ' ही कथा बघा. पॅलेस्टाइन नावाच्या जहाजावर तो सेकंड मेट होता, जहाजात बँकॉकला न्यायचा कोळसा भरलेला, आणि 1883 च्या मार्चमध्ये सुमात्राजवळ तो कोळसा आतल्या आत तापून पेटला (कोळशाच्या जहाजांना ही भीती कायमच असायची), शेवटी सगळे होड्यांत उतरले. इथपर्यंत कथा आणि वास्तव हातात हात घालून चालतात, कप्तानाचं बिअर्ड हे आडनावसुद्धा तेच ठेवलंय. पण खऱ्या होड्या सकाळी जळत्या जहाजापासून निघून त्याच रात्री मुंटोक बंदराला लागल्या, तर कथेतली होडी दिवसच्या दिवस, रात्रीच्या रात्री चालते आणि मग कुठे पूर्वेचा किनारा दिसतो. खरा सेकंड मेट पंचवीस वर्षांचा होता, कथेतला वीस. हा साधा बदल नाहीये. अर्ध्या दिवसाच्या वल्हवण्यात तारुण्याची मस्ती मावलीच नसती.

'लॉर्ड जिम' ही कादंबरी तर या दाव्याच्या मुळावरच येते, कारण ती ज्या घटनेवर उभी आहे ती त्याच्यावर गुदरलीच नव्हती. 1880 च्या ऑगस्टमध्ये जेद्दा नावाची बोट साडेनऊशेच्या आसपास हज यात्रेकरू घेऊन चालली होती, ती बुडणार असं धरून कप्तान आणि अधिकारी पळून गेले, एडनला येऊन बोट बुडाली म्हणून सांगितलं, आणि पाठोपाठ तीच बोट दुसऱ्या जहाजाने ओढत एडनला आणली! कॉनरॅड त्या बोटीवर नव्हताच. पूर्वेच्या बंदरांत हा किस्सा वर्षानुवर्षं चघळला जात होता, तिथे त्याच्या कानावर आला. आणि माझ्या मते समुद्राने त्याला दिलं ते हेच. घटना नाही, सांगण्याची रीत. चार चार तासांची रात्रीची पाळी, करायला काही नाही, कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलेलं सांगतोय, मधले दुवे गायब, ऐकणारा आपल्या परीने ते भरतोय. त्याच्या कथा-कादंबऱ्यांत गोष्ट सांगणारा मार्लो असाच बोलतो. 'हार्ट ऑफ डार्कनेस'मध्येही मंडळी थेम्सवर नांगर टाकून ओहोटीची वाट बघत बसलीयेत, म्हणून तर मार्लोला एवढा वेळ मिळतो.

'हार्ट ऑफ डार्कनेस' ज्यातून आली त्या काँगोचं म्हणाल तर तीन वर्षांचा करार होता, पण 1890 मध्ये जेमतेम सहा महिने राहून आजारी पडून परतला. तिथे नदीवर असताना ठेवलेली त्याची वही उपलब्ध आहे. त्यात काय आहे माहितीये? वळणं कुठे, वाळूचे उथळे कुठे, बुडालेली झाडं कुठे, बोट कुठल्या बाजूने काढायची. जसंच्या तसं लिहिलेलं हवं असेल तर ते हे, खुशाल वाचा. कादंबरीतला कर्ट्झ, ज्याच्या शोधात मार्लो नदीवर जातो, तो त्यात सापडणार नाही.

एक मात्र मान्य करायला हवं, नार्सिसस जहाजाच्या बाबतीत अनुभव अगदी थेट उतरलाय. 1884 मध्ये हा मद्रासला एक जहाज सोडून मुंबईला आला आणि तिथून नार्सिससवर चढला, त्या सफरीत एक खलाशी वाटेतच वारला, आणि त्या जहाजावरच्या 1897 च्या कादंबरीच्या मध्यभागी आजारी खलाशीच आहे. पण तिथेही पुस्तक त्या माणसापेक्षा त्याच्या आजाराने बाकीच्यांचं काय होतं याबद्दल जास्त आहे, आणि मधे तेरा वर्षं गेलीयेत हेही विसरू नका.

राहिलं ते 'आधी अनुभव, मग लेखन'. 'नॉस्ट्रोमो' ही त्याची सगळ्यात मोठ्या पसाऱ्याची कादंबरी, त्यात दक्षिण अमेरिकेतला अख्खा देश उभा केलाय, चांदीची खाण, क्रांती, रेल्वे, सगळं. तो किनारा त्याने पाहिला होता 1876 च्या सुमारास, तोही ओझरता. बाकी पुस्तकं वाचून जमवलं. आणि समुद्र तरी त्याच्याकडे आधी कुठून आला? वडील अपोलो कोझेनिओव्स्की व्हिक्टर ह्यूगोच्या समुद्रावरच्या कादंबरीचं पोलिश भाषांतर करत होते, ते आजारी पडले असताना लहानग्या कॉनरॅडने त्याची प्रुफं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती.