गायक बदललाय? मग ऐकायचं कशाला!

आवडत्या रॉक बँडमधला एक गडी गेला, दुसरा आला आणि आता अल्बमही आला. समीक्षा तुमचीच पहिली पडली पाहिजे. घाबरू नका, मे महिन्यात भुसावळच्या पंख्याला पडतात तेवढेही कष्ट यात नाहीत.

आधी साधन. हेडफोन अजिबात नको. फोनचा स्पीकर, तोही फोन खाटेवर पालथा टाकून. चार तारांच्या बास (म्हणजे खालचा सूर धरणाऱ्या) गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्‌झवर (सेकंदाला तेवढी कंपनं) बोलते, आणि फोनचा तो चण्याएवढा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्‌झच्या खाली जवळजवळ मुका असतो. तारेचा मूळ सूर गळून जातो, वरची किरकिर तेवढी राहते. आता ‘नव्या बासवाल्यात दम नाही’ हे वाक्य तुम्ही छातीवर हात ठेवून लिहू शकता.

मेटॅलिकाच्या बाबतीत तर चांगले हेडफोन लावले तरी तुमची सोय होते. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून त्यांचा बासवाला क्लिफ बर्टन गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये त्याचा बास शोधून सापडत नाही. कारणं साधी आहेत. बास बहुतेक ठिकाणी गिटारचीच रीफ, म्हणजे फिरून फिरून येणारी सुरावट, सुरासुराने वाजवतो, म्हणून गिटारच्या पोटात दडतो. त्यात मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, त्याच्या आवाजाची पट्टी खाली ओढली आणि पायाने वाजवायच्या किक ड्रमची टकटक वर काढली. भरताचं वांगं बामणोदचं आणलं, पण तुरकाट्यांवर भाजायच्या ऐवजी गॅसवर ठेवलं, तर धुराची चव येत नाही. मग खाणारा काय म्हणतो? वांगं बरं नव्हतं. तेच करायचं. मिक्सिंगच्या बोर्डावर कोण बसलं होतं हे विचारायचं नाही, आणि ‘ब्लॅकन्ड’ या पहिल्याच गाण्याच्या रचनेत न्यूस्टेडचं नाव आहे हे तर वाचायचंच नाही.

खरं तर अल्बमच्या पाठीमागची बारीक अक्षरं हा समीक्षकाचा शत्रूच. पिंक फ्लॉइडमधून १९८५ साली बास वाजवणारा आणि बरीच गाणी लिहिणारा रॉजर वॉटर्स बाहेर पडला. १९८७ चा ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’ आला, तेव्हा वॉटर्स नाही म्हणून जीव नाही, असं लिहून मंडळी मोकळी झाली. बारीक अक्षरं वाचली असती तर दिसलं असतं की ड्रमर निक मेसन बँडमध्येच असूनही बरेचसे ड्रम बाहेरच्या वादकांनी आणि मशीनने वाजवलेत. मेसनचा सराव सुटला होता. कीबोर्डवाला रिचर्ड राइट पगारावर होता. म्हणजे गेलेल्या माणसापेक्षा हजर असलेल्यांची गैरहजेरी मोठी! २०१९ मध्ये हा अल्बम पुन्हा मिक्स झाला, तेव्हा मेसनने ड्रम नव्याने वाजवले आणि राइटचा कीबोर्ड पुढे आणला. दोन्ही रूपं लागोपाठ ऐकली की फरक लगेच कळतो. म्हणून ऐकू नका.

विक्रीचा आकडा मात्र जवळ असू द्या, फक्त तो कधी काढायचा हे ठरलेलं असावं. वॅन हेलनमधून गायक डेव्हिड ली रॉथ गेल्यावर नव्या गायकाचा, सॅमी हेगरचा, ‘५१५०’ हा अल्बम १९८६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. जुन्या गायकाच्या काळात हे कधी झालं नव्हतं. इथे म्हणायचं, खप म्हणजे दर्जा नव्हे. १९९८ मध्ये त्यानंतरच्या गायकाचा, गॅरी चेरोनचा, ‘वॅन हेलन ३’ आधीच्यांपेक्षा कितीतरी कमी खपला. इथे म्हणायचं, जनता जनार्दन.

माणूस मेला असेल तर तारीख मोजा. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला गेला आणि ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ जुलैतच बाजारात. वर्षश्राद्धाच्या आत घरात मांडव घातला तर भाऊबंद जसं तोंड करतात, तसं तोंड करून लिहा. वेष्टन काळं आणि सुरुवातीला घंटा हा बॉनचा दुखवटाच का, यात शिरू नका.

आवाज जुळला तर ‘नक्कल’, नाही जुळला तर ‘परका’. जेनेसिसमध्ये तर गायक पीटर गॅब्रिएल गेल्यानंतर ड्रमर फिल कॉलिन्सच गायला. १९७० पासून तो मागून सूर देतच होता, तेव्हा आवाज जुळणारच. नक्कल!

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर इंडियन ओशन. नर्मदेवरचं त्यांचं ‘मा रेवा’ धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको, नदी त्याच्याच उशाला वाहते. असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवत वाजवतच गायचे. ते डिसेंबर २००९ मध्ये गेले आणि जागेवर दोघे आले, गायला हिमांशु जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. वाजवणारा हातच गात असेल तर तो श्वासासाठी लय किंचित ओढतो, ठेका आपोआप वाट बघतो. हात एकाचा आणि गळा दुसऱ्याचा झाला की ती ओढ ठरवून आणावी लागते. ऐकण्यासारखं खरं तर एवढंच आहे, पण त्याला तीनदा ऐकावं लागतं. त्यापेक्षा ‘आत्मा हरवला’ लिहा, दोन शब्दांत काम होतं.

आयर्न मेडनबद्दल लिहिताना सांभाळा, तिथे पाय घसरतो. १९९३ मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन गेला, ब्लेझ बेली आला. त्याचा गळा खालचा, पण दौऱ्यात ब्रूसची जुनी गाणी त्याच उंच पट्टीत. गिटार अर्धा-एक सूर उतरवून घेतल्या असत्या तर बिचाऱ्याचा गळा वाचला असता. त्याचे १९९५ आणि १९९८ चे दोन्ही अल्बम मंडळींनी झोडपले. १९९९ ला ब्रूस परतला. २००२ च्या ‘रॉक इन रिओ’मध्ये ब्लेझच्याच काळातली ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लान्समन’ तो गातो, आणि अख्खं मैदान सोबत ओरडतं. हा अल्बम घरात लपवून ठेवा. आणि ब्रूस हाही १९८१ साली आधीचा गायक पॉल डिआनो याच्या जागी आलेला नवाच होता, हे कोणी काढलं तर चहा मागवा.

सराव हवा असेल तर लग्नसराईत करा. ब्रास बँडचा मालक सुपारी घ्यायला ओट्यावर येतो. गाडीवर माईक धरणारा पोरगा या वर्षी नवा आहे, हे तुम्हाला आधीच कळलेलं असतं. त्याला एक ओळही गाऊ देऊ नका. पाण्याचा तांब्या पुढे करा, दोन हजार कमी सांगा आणि विचारा, “पहिलावाला कोठे शे?”