स्थळाच्या आईला एमएस आहे म्हणून…? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस (यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते), हा आईबापांकडून मुलांकडे सरळ उतरणारा आजार नाही. ताईंच्या मुलीला सांगून आलेल्या एका स्थळात मुलाच्या आईला एमएस आहे. मुलीने माझा लेख पुढे करून ‘बघ, काही होत नाही’ असं आईला ऐकवलं. इकडे ताईंच्या स्वतःच्या आत्याला आणि चुलत बहिणीला हाच आजार, त्यामुळे माझं लिखाण त्यांना धादांत खोटं वाटलं. ‘लोकांना खोटा दिलासा देऊ नका, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ असं त्या विचारतात. लग्नाआधी सरळ जीन टेस्ट करा असं का सांगत नाही, हाही त्यांचा सवाल आहे.

रक्ताच्या नात्याचा काहीच संबंध नाही, असं मी लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही, कारण संबंध आहे. माझ्या धाकट्या भावाला एमएस आहे. मला होईल का, त्याच्या मुलीला होईल का, हा हिशोब मी ब्लॉगसाठी नंतर मांडला, आधी घरासाठी मांडला.

उत्तर युरोप आणि कॅनडातल्या लोकांत आयुष्यभरात एमएस होण्याची शक्यता ढोबळमानाने हजारात दोन-तीन. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात अडीच-तीन. आईला किंवा वडिलांना असेल तर शंभरात दोनच्या आसपास. आत्या, मामा, आजी अशा एक पायरी लांबच्या नात्यात साधारण शंभरात एक. आता यातून ‘धोका दहापट वाढला’ असंही म्हणता येतं आणि ‘शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना काही होत नाही’ असंही. दोन्ही खरं. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिलं वाक्य फिरतं, दुसरं फिरत नाही, एवढीच माझी तक्रार.

जुळ्यांचे आकडे तर अजूनच बोलके. कॅनडात जॉर्ज एबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या एमएस क्लिनिकमधून जुळ्यांच्या जोड्या शोधल्या. हुबेहूब जुळ्यांत एकाला एमएस असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निघालं सुमारे २५ टक्के, साध्या जुळ्यांत ५ टक्के. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींत हुबेहूब जुळ्यांचा आकडा आणखी खाली, १७ टक्के. जनुकं तीच, गर्भाशय तेच, बहुतेकदा घरही तेच, आणि तरी चारातल्या तिघांना आजार होत नाही. २०१० मध्ये अशा एका जोडीचे, एक आजारी आणि एक धडधाकट, अख्खे जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, वाचून झाले. आजाराचा उलगडा होईल असा फरक त्यात सापडला नाही.

कॅनडातल्या एबर्स यांच्या गटाने १९९५ मध्ये दत्तक मुलांचंही पाहिलं. एमएस असलेल्या माणसाबरोबर एकाच घरात वाढलेल्या, पण रक्ताचं नातं नसलेल्या माणसांत धोका चारचौघांइतकाच निघाला. म्हणजे एका घरात राहून, एका ताटात जेवून हा आजार लागत नाही. घराण्यात दिसतो तो रक्तामुळे. तुमच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही, म्हणून तो मीच देऊन टाकते. फक्त त्याच्या शेजारी जुळ्यांचा आकडाही ठेवा.

आता जीन टेस्ट. एमएसचं ‘एक’ जनुक नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४७ हजारांहून अधिक रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा धोक्याशी जोडलेल्या दोनशेहून जास्त जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यातल्या त्यात जड जागा एकच, एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा १५:०१ हा प्रकार, ज्याने धोका साधारण तिप्पट होतो. पण उत्तर युरोपात दर चार माणसांमागे एकाकडे तो असतो आणि त्यातल्या बहुतेकांना एमएस कधीच होत नाही. उलट कितीतरी रुग्णांकडे तो नसतोच. मग लग्नाआधी तपासायचं काय? थॅलेसेमियाची गोष्ट वेगळी. तिथे दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका, हे चोख गणित आहे आणि ती तपासणी मी प्रत्येकाला करायला सांगते. एमएसचं असं गणित मांडता येत नाही. ‘एमएस रिस्क’ म्हणून कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा.

उरलेला वाटा कशाचा? एपस्टीन-बार विषाणूचा मोठा. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटी लोकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसलं की या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट होतो. हा विषाणू जवळपास सगळ्या प्रौढांच्या अंगात असतो, त्यामुळे तो एकटाही पुरेसा नाही. धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता हीही यादीत आहेत. यातल्या दोन-तीन गोष्टी तरी आपल्या हातातल्या आहेत, आणि त्या घराण्याकडे बघून ठरत नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे सगळे आकडे गोऱ्यांचे. बरोबर. आपल्याकडे मुळात प्रमाण कमी आहे. मंगळुरू शहरातल्या पाहणीत ते लाखामागे आठच्या आसपास आलं होतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर ते चारशेच्या वर आहे. याला आपल्याच दारातला अपवाद म्हणजे मुंबईतले पारशी. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्यात लाखामागे वीसहून जास्त रुग्ण मोजले गेले, शेजारपाजारच्या इतर मुंबईकरांच्या कितीतरी पट. शहर तेच, ऊन तेच. रक्ताचा वाटा इथे स्पष्ट दिसतो. पण लगेच १९९० चा ब्रिटनमधला अभ्यास बघा. भारतीय उपखंडातून तिथे गेलेल्यांत एमएस कमी होता, पण त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांत तो इंग्रज मुलांच्या जवळपास पोहोचला. रक्त आईबापांचंच, एका पिढीत चित्र बदललं. लेस्टरला किंवा लंडनला मुलगी दिलेल्यांनी याचा अर्थ धास्तावून घेऊ नये. तिथलं प्रमाणही हजारात दोन-तीन इतकंच.

तुमच्या आत्या आणि चुलत बहिणीकडे येते. दोघींना असणं हा निव्वळ योगायोग असेलच असं मी म्हणणार नाही. पाश्चात्त्य नोंदींत दर सात-आठ रुग्णांमागे एकाच्या नात्यात दुसरा रुग्ण सापडतो, तेव्हा अशी जोडी दिसणं विचित्र नाही. पण तुम्ही लिहिलंय की आत्यांचं निदान १९९०च्या सुमाराचं, आणि आधी डोळे गेले, मग पाय. त्यावर माझ्या मनात एक शंका आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जूवरच घाला घालतो आणि पूर्वी तो सर्रास एमएसच्या खात्यात जायचा. दोन्ही वेगळे ओळखणारी अँटीबॉडी २००४ मध्ये सापडली. अ‍ॅक्वापोरिन-४ नावाची ही रक्ततपासणी आज आपल्याकडेही होते. फरक नुसता नावाचा नाही. एमएसची काही औषधं त्या आजारात उलटतात.

घराण्याच्या इतिहासाबद्दल आणखी एक सांगते, कारण हे मी ओपीडीत बसून वर्षानुवर्षं बघितलंय. रेसिडेंट डॉक्टर केसपेपर काढून विचारते, ‘घरात कुणाला असं काही?’ सगळे एका सुरात म्हणतात, ‘नाही हो, कुणालाच नाही.’ पेपरवर भोपळा पडतो. मग बाहेर बाकड्यावर चहा पिताना काकू हळूच म्हणते, ‘नानांच्या बहिणीला तरुणपणीच लकवा मारला होता ना? भिंत धरून चालायची.’ तो लकवा होता, एमएस होता की टीबीने मणका गेला होता, आता कोण सांगणार? एमआरआय आपल्याकडे आला १९८०च्या दशकात, आणि तोही मोठ्या शहरांत. त्याआधीच्या बायकांचं निदान अंगात आलं, अशक्तपणा, संधिवात नाहीतर ‘मनाचं आहे’ यांतलंच काहीतरी एक. आणि ज्या घरात खरंच माहीत असतं तिथे मुलींची लग्नं व्हायची असतात, म्हणून तोंडाला कुलूप.

मला राग येतो तो या कुलपाचा. एमएस असलेल्या घरातल्या माणसाला उद्या एका डोळ्याने धुरकट दिसलं, डोळा फिरवताना दुखलं, लाल साडी विटकरी वाटायला लागली, मान खाली घातल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं झालं, तर त्याने चष्म्याच्या दुकानात किंवा मालिशवाल्याकडे महिने न घालवता न्यूरॉलॉजिस्ट गाठावा. उपचार लवकर सुरू झाले तर फरक पडतो. घरात कुणाला आहे हे माहीत असण्याचा खरा उपयोग इथे आहे. माझ्या भावाचे आठ महिने ‘नंबर वाढलाय’ यातच गेले.

त्या स्थळाकडच्यांनी तुम्हाला आपणहून सांगितलं. किती जण सांगतात? तुमच्याच प्रतिक्रियेत दोन रुग्ण तुमच्या माहेरचे आहेत. ते तुम्ही पलीकडे सांगितलेत का, हे मी विचारत नाही, पण तुमची पट्टी लावली तर तुमच्या मुलीचा बायोडेटाही अडेल. अडू नये. ती त्या दोघींपासून इतकी लांब आहे की तिचा धोका चारचौघींसारखाच धरायला हरकत नाही. लग्न करून नवऱ्याकडून बायकोला तर हा आजार येतच नाही. मुलाचा स्वतःचा धोका वर दिलाय, शंभरात दोन, आणि आपल्याकडे मूळ प्रमाणच कमी असल्यामुळे बहुधा त्याहूनही कमी. तो बत्तीसचा आहे म्हणता. हा आजार बहुतेकदा विशी ते चाळिशीत दिसतो, म्हणजे त्यातला बराच काळ सरलाही. नातवंडांचा धोका आणखी निम्मा.

‘माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. एमएसच्या कारणाने स्थळ नाकारलं नसतं. पण डोळे मिटून होकारही दिला नसता. त्या बाई चालत्या-फिरत्या आहेत की व्हीलचेअरवर, औषधांचा खर्च कोण उचलतं, दिवसभर त्यांच्याजवळ कोण असतं, आणि सून आल्यावर ते काम गृहीत धरून तिच्या गळ्यात पडणार आहे का, हे मी समोरासमोर बसून विचारलं असतं. सुनेच्या आयुष्यावर जनुकांपेक्षा या उत्तरांचा परिणाम जास्त होतो. हे प्रश्न मुलीने स्वतः मुलाला विचारलेले बरे. आपण मोठ्यांनी विचारले की उत्तरं गोड मिळतात.

आणि आत्यांची फाइल असेल तर शोधून काढा. अ‍ॅक्वापोरिन-४ चा रिपोर्ट त्यात नसेल, तर पुढच्या फेरीला त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना तेवढं विचारा.