खोबऱ्यातल्या तेलाचे काय?

करंजी तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजली की तिच्यातील स्निग्धांश जवळजवळ नाहीसा होतो, हे लेखातील विधान पटले नाही. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या ६० टक्क्यांहून अधिक तेलच असते आणि भाजलेली पारी कडक होऊ नये म्हणून मोहनही (पीठ भिजवताना घालायचे गरम तूप किंवा तेल) नेहमीपेक्षा सढळ हाताने घालावे लागते. त्यामुळे वाचते ते केवळ तळणीत शोषले जाणारे तूप किंवा तेल.

आमच्याकडे करंज्या आजही तळल्याच जातात (भाजलेली करंजी खारीसारखी लागते, हे माझे स्पष्ट मत), मात्र सारणात निम्म्या खोबऱ्याच्या जागी तुपाशिवाय भाजलेला बारीक रवा घालतो, पिठीसाखर बेताची ठेवतो आणि पारी शक्य तितकी पातळ लाटतो. रवा मंद आचेवर पुरेसा भाजावा, अन्यथा सारण कच्चट लागते.