लावलेला व्हेंटिलेटर काढणं म्हणजे जीव घेणं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अगदी गंभीर अवस्थेतल्या नवजात बाळाचा व्हेंटिलेटर काढण्याबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'व्हेंटिलेटर लावलाच नाही तर एकवेळ समजू शकतो, पण लावलेला काढणं म्हणजे सरळ जीव घेणं. आणि बाळ पुढे अपंग होईल या अंदाजावर हे ठरवणारे तुम्ही कोण?' असं तुम्ही विचारलंय. शेवटी अशा बाळाचं दूधही तोडायचं का, हा प्रश्नही आहे. तुमच्या रागातला एक भाग मला मान्य आहे, तो आधी सांगते.

मूळ लेखात मी 'जगण्यालायक आयुष्य' असे शब्द वापरले होते. ते चुकलं, मागे घेते. १९८२ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात डाउन सिंड्रोम असलेलं एक बाळ जन्मलं. त्याच्या अन्ननलिकेत जन्मजात दोष होता आणि तो शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्यासारखा होता. आईवडिलांनी शस्त्रक्रिया नाकारली, न्यायालयाने त्यांचा तो हक्क मानला, आणि सहाव्या दिवशी बाळ गेलं. तिथे उपचार हरले नव्हते, बाळाचं अपंगत्व नकोसं झालं होतं. असं आज कुठे घडलं तर मी तुमच्याच बाजूने उभी राहीन. उपचार थांबवण्याचं कारण मला एकच दिसतं: उपचारांचा त्रास बाळ भोगतंय आणि त्या बदल्यात त्याच्या पदरात काहीच पडणार नाही. श्वासासाठी घातलेल्या नळीतून दिवसातून कितीदा तरी सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणं, रक्तासाठी टाचेला टोचणं, सलाइन निसटली की नवी शीर शोधणं, हे सगळं त्या इवल्या अंगावरच होत असतं.

पण 'लावला की काढायचा नाही' हे मला पटत नाही, आणि माझ्या मते हा नियम बाळांच्याच जिवावर उठतो.

जन्मताना गुदमरलेलं, पूर्ण दिवसांचं बाळ घ्या. पहिल्या तासात त्याच्या मेंदूला किती इजा झालीय हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून नळी घालून व्हेंटिलेटर लावतात आणि इजा मध्यम किंवा गंभीर वाटली तर ६ तासांच्या आत थंडाव्याचा उपचार सुरू करतात. अंगाचं तापमान ३३.५ अंश सेल्सियसवर ७२ तास धरून ठेवायचं, मग ताशी साधारण अर्धा अंश या गतीने परत वाढवायचं. या काळात बाळ निपचित दिसतं म्हणून आशा सोडणं धोक्याचं असतं. थंड शरीरातून मॉर्फिन हे वेदनाशामक आणि फिनोबार्बिटोन हे झटक्यांवरचं औषध फार सावकाश बाहेर पडतात, त्यामुळे गुंगी औषधाची की इजेची हे पाहून कळत नाही. खरं चित्र दिसतं ते ऊब परत आल्यावर: ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखाची, रेघ अजून सपाट आहे का, त्यात झोप-जागेपणाची लय उमटू लागली का, चौथ्या-पाचव्या दिवसाच्या एमआरआयमध्ये थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोलवरच्या भागांना दोन्ही बाजूंनी मोठी इजा दिसते का, आणि बाळ चोखतंय का, सक्शनची नळी घशाला लागल्यावर ठसकतंय का. हे सगळं एकच सांगत असेल तरच उपचार थांबवण्याबद्दल बोलायचं. एकाचं दुसऱ्याशी जुळत नसेल तर थांबायचं आणि पुन्हा तपासायचं.

आता तुमचा नियम लावून बघा. काढता येणारच नसेल तर प्रसूतिगृहात उभ्या असलेल्या डॉक्टरला पहिल्याच मिनिटाला, सगळ्यात कमी माहिती हातात असताना, कायमचा निर्णय घ्यावा लागेल. तो कचरेल, आणि सावरू शकलं असतं असं एखादं बाळ त्यात हातचं जाईल. पुढे थांबता येतं म्हणूनच आज नळी घालायला हात धजावतो. चाचणी म्हणून लावलेला व्हेंटिलेटर चार-पाच दिवसांनी, पुरावा बघून काढणं हे मला पहिल्या मिनिटाच्या नकारापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं. मनाला ते जड जातं हे खरं, कारण तोवर बाळाला नाव मिळालेलं असतं.

इथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मेंदूला गंभीर इजा झालेली कित्येक बाळं आठवड्याभरात स्वतःहून श्वास घेऊ लागतात, मग नळी काढली तरी ती श्वास घेत राहतात. म्हणून 'आत्ताच ठरवा, नंतर संधी राहणार नाही' अशी घाई काही ठिकाणी आईवडिलांना केली जाते. ही घाई मला साफ नामंजूर आहे. तिचा अर्थ असा होतो की नळी काढण्यामागे बाळ जावं हाच हेतू आहे, आणि तसं असेल तर तुमचा आरोप खरा ठरतो. नळी काढल्यावर बाळ श्वास घेत राहिलं तर राहू द्यायचं. फक्त पुन्हा नळी घालायची का, हे आधीच ठरलेलं असावं.

काढताना काय करतात तेही सांगते, कारण 'हात धुऊन मोकळे होतात' हे तुमचं वाक्य फार लागलं. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर ते आधी बंद करून त्याचा असर पूर्ण उतरू द्यावाच लागतो, नाहीतर बाळाला श्वास घ्यायची संधीच मिळत नाही आणि त्याचा त्रास चेहऱ्यावर दिसतही नाही. मॉर्फिनसाठी एक शीर चालू ठेवायची. बाळ आईच्या छातीशी द्यायचं, मॉनिटरचा आवाज आणि पडदा दोन्ही बंद, म्हणजे नजर आकड्यांकडे न जाता बाळाकडे राहते. वरच्या ओठावरची चिकटपट्टी भिजवून सोडवायची, ओढली तर कातडी सोलून निघते. सक्शन करून नळी अलगद काढायची. पुढे मिनिटं लागतील, तास की दिवस, हे आधी सांगता येत नाही, आणि तसं सांगून ठेवायला हवं. मधूनच येणारे खोल आचके बघवत नाहीत. आईवडिलांना याची आधी कल्पना दिली नसेल तर बाळ तडफडतंय असंच त्यांना वाटतं.

मॉर्फिननेच मारतात, असंही तुम्ही सुचवलंय. मात्रा बघा: किलोमागे ५० ते १०० मायक्रोग्रॅम शिरेतून, म्हणजे ३ किलोच्या बाळाला १५० ते ३००. असर बघायचा, कण्हणं किंवा धाप राहिली तरच पुन्हा. त्रास नसताना मात्रा वाढवत नेणं हे वेगळं कृत्य आहे आणि ते मी मान्य करत नाही. म्हणूनच प्रत्येक मात्रेशेजारी ती का दिली ते लिहिलं गेलं पाहिजे.

ठरवणारी मी कोणीच नाही. पण 'सगळं करायचं का?' असं आईवडिलांना विचारून त्यांच्याच डोक्यावर ओझं टाकणं क्रूर आहे. कुठले आईबाप नको म्हणतील? डॉक्टरने आपलं मत सांगावं, कारणं सांगावीत, बाहेरच्या तज्ज्ञाचं मत मागवावं आणि मग 'तुम्हाला हे पटतं का?' असं विचारावं. पटलं नाही तर वेळ द्यावा. २०१७ साली ब्रिटनमध्ये एका तान्ह्या मुलाचं असं प्रकरण थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं. बाळाचं हित ही कसोटी तिथल्या न्यायालयांनी धरली ती मला योग्य वाटते, पण आईवडील आणि डॉक्टर महिनोन्‌महिने समोरासमोर उभे ठाकले. तिथवर वेळच येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून रोज, त्याच एका डॉक्टरने बोलत राहावं.

दुधाचं म्हणाल तर बाळ तोंडाने घेत असेल तेवढं दूध कधीच तोडू नये. नाकातल्या नळीतून दिलेलं दूध उलटत असेल, पोट फुगत असेल तर ते कमी करावं किंवा थांबवावं. तरीही कापसाच्या बोळ्याने आईच्या दुधाचे दोन थेंब ओठांना लावता येतात, आणि तोंड कोरडं पडू नये म्हणून ते दर थोड्या वेळाने लावावेत.