सायकलला नंबरप्लेट? एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

काका, (वय एकाहत्तर असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हे संबोधन. राग नसावा.)

ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी आधी ती थोडक्यात. राँग साइडनं घुसणाऱ्या दुचाक्यांवर मी गेल्या आठवड्यात तोंडसुख घेतलं, पण सायकलवाल्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. मी स्वतः सायकल चालवते म्हणून सोयीस्कर मौन पाळलं, असा काकांचा आरोप आहे. सायकलवाले सिग्नल तोडतात, नो एंट्रीत शिरतात, रात्री बिनदिव्याचे फिरतात; त्यांना ना परवाना ना नंबर, त्यामुळे कायदा त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. काका चाळीस वर्षं गाडी चालवताहेत, एकही सिग्नल तोडलेला नाही. गेल्या महिन्यात ते सत्तरच्या वेगात असताना दुभाजकाच्या फटीतून एक सायकलवाला आडवा आला आणि थोडक्यात वाचला. उपाय म्हणून सायकलींना नंबर द्यावेत, कारण ‘कायदा सगळ्यांना सारखा हवा’. जाता जाता हेल्मेटच्या दंडाचा आकडा मी चुकीचा दिलाय, हेही त्यांनी दाखवून दिलं. आणि शेवटचा प्रश्न: ‘तुमच्या सायकलला मागे दिवा आहे का?’

दंडापासून सुरू करते. चूक माझीच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात हेल्मेट नसेल तर हजार रुपये आहेत. पण महाराष्ट्रानं डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःचे दर लावले तेव्हा ही रक्कम पाचशे ठेवली. मी केंद्राचा आकडा पुण्याच्या माथी मारला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता सायकल. तुम्ही म्हणता ते सगळं होतं, आणि त्यातलं काही मी केलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी सकाळी साडेसहाला कर्वे रस्त्यावर लाल सिग्नल होता, रस्ता मोकळा होता, उतारावर सायकलनं वेग धरला होता. मी थांबले नाही. झेब्रावरून एक आजोबा दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते. मी ब्रेक दाबले, तरी हँडल त्यांच्या हातातल्या पिशवीला लागलंच, आणि अर्धा लिटर दूध रस्त्यावर. आजोबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘अहो बाई, आवाज तरी करायचा.’

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे माणसं रस्ता कानांनी ओलांडतात. मान वळवण्याआधी इंजिनाचा अंदाज घेतात. सायकल कानाला कळतच नाही. मोटारवाल्याला सायकलचा धोका नाही, पण पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आहे. त्यामुळे ‘सायकलनं कुणाचं काय बिघडतं’ हे माझ्या सायकलवाल्या मित्रांचं पालुपद मला मान्य नाही. तेव्हा मात्र मीही मनातल्या मनात ते म्हणून घेतलं होतं. (दुधाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हेही लागलं.)

या मित्रांपैकी काहीजण अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचा दाखला देतात. तिथे १९८२ पासून सायकलस्वारानं ‘थांबा’च्या पाटीपाशी वेग कमी करून, वाट मोकळी असेल तर न थांबता पुढे जायला कायद्यानं परवानगी आहे. पॅरिसमध्येही काही चौकांत, तशी पाटी असेल तिथेच, सायकलला लाल दिव्यावर पुढे जाता येतं. ऐकायला छान आहे. पण त्या सवलतीत चालणाऱ्याला आधी जाऊ देण्याची अट आहे. आपल्या चौकात हिरवा पडायला पाच सेकंद उरली की सगळी फौज झेब्रावरून पुढे सरकते. पायी माणसाला मिळतात ती मधली चार-दोन सेकंदं. तीही सायकलवाल्यानं खाल्ली तर त्यानं ओलांडायचं कधी? सवलत नको. आम्ही थांबू.

पण ‘सायकलवाल्याला कायदाच नाही’ हे बरोबर नाही, काका. मोटार वाहन कायद्यातली ‘मोटार वाहना’ची व्याख्या इंजिनवाल्या वाहनांची आहे, म्हणून सायकलला परवाना, नंबर आणि त्या कायद्याची चलनं लागत नाहीत, एवढं खरं. बेदरकारपणे वाहन चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचं कलम, जे पूर्वी दंडसंहितेत २७९ होतं आणि जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २८१ आहे, ते कुठल्याही वाहनाला लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं कलमही सायकल की मोटार असं विचारत नाही. शिवाय रस्त्यावर डावी बाजू धरण्याची सक्ती महाराष्ट्र पोलीस कायद्यातही आहे, आणि तो १९५१ सालचा आहे. कायदा आहे. तो सायकलवाल्यावर लावायला मामांना वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर सिग्नलवर उभ्या असलेल्या एका मामांनी चाळीस दुचाक्या सोडून माझ्यामागे धावावं असं मलाही वाटत नाही.

आणि नंबरप्लेट! तुमच्या पिढीनं हे सुचवावं याची गंमत वाटली. सायकलला बिल्ला होता की. नगरपालिकेचा कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो सायकलला अडकवायचा. माझ्या वडिलांचा एक अजून आमच्या खिळ्या-स्क्रूच्या डब्यात आहे. बिल्ला नसला की सायकल अडवायचे, दिवा नसला तर चाकातली हवा सोडायचे, आणि डबलसीट जाताना चौकात पोलीस दिसला की मागचा टुणकन उडी मारून शिस्तीत चालायला लागायचा. वडील हे किस्से रंगवून सांगतात. बिल्ल्यामुळे डबलसीट थांबली असं मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता बिल्ला परत आणलात तर सापडणार कोण? रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणारे, लाखभराची सायकल आणि चमकणारं हेल्मेटवाले लोक अर्ज भरून मोकळे होतील. अडकेल तो रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन. सायकल त्याला कुणीतरी जुनी दिलेली, कागद नाहीत, मागे जेवणाचा डबा. तो राँग साइडनं येतो हे खरं आहे, कारण पुढचा कट एक किलोमीटरवर आहे, आणि तिथवर जाऊन उलटं यायचं म्हणजे दोन किलोमीटर पेडल मारायचं. तुम्हाआम्हाला तेवढंच अंतर अ‍ॅक्सिलरेटरवर तीन-चार मिनिटांचं. त्याचं चुकतंच. पण त्याला पाचशेची पावती फाडली तर ती त्याच्या एका दिवसाची कमाई असू शकते.

आणि नंबर असला की शिस्त येते असं म्हणावं, तर कल्याणीनगर आठवतं. १९ मे २०२४ च्या पहाटे ज्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तिची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. चालवणारा सतरा वर्षांचा, म्हणजे परवान्याचा प्रश्नच नाही. पहिल्या दिवशी जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता, ते तुम्हाला सांगायला नको. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, हे कलम २०१९ पासून कायद्यात होतंच.

म्हणून ‘कायदा सगळ्यांना सारखा’ हे वाक्य मला पटत नाही. कायदाच तसं म्हणत नाही. ट्रकचा परवाना वेगळा, स्कूटरचा वेगळा, आणि सायकलला नाहीच, कारण धडकेत किती जोर आहे यावर सगळं ठरलेलं आहे. घरचं गणित करून बघा. पंधराच्या वेगातली सायकल माणसासकट ८५ किलो धरली आणि पन्नासच्या वेगातली १२०० किलोची मोटार धरली, तर मोटारीच्या अंगातली ऊर्जा दीडशे पटींहून जास्त भरते. गुन्हा एकच, लाल सिग्नल तोडण्याचा. पण एकात दूध सांडतं.

आणि आता तुमच्या ‘सत्तर’विषयी. बोलू का नको, असं झालं होतं, पण तुम्हीच लिहिलंत म्हणून बोलते. तुम्ही सांगितलेल्या रस्त्यावर मी परवा मुद्दाम थांबून पाहिलं. पन्नासची पाटी आहे. निम्मी फांदीआड आहे, पण आहे.

समोर काही आडवं आलं की मेंदू ते ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. पन्नासला तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते, सत्तरला १९ मीटर. मग ब्रेक. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर, पन्नासची गाडी एकूण २८ मीटरच्या आसपास थांबते. सत्तरची ४६ ला. माझा जीव घाबरला तो पुढच्या आकड्यानं: जिथे पन्नासवाली गाडी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी सत्तरवाली अजून ताशी ५८ च्या आसपास असते. तुमचा सायकलवाला ‘थोडक्यात वाचला’, ते ‘थोडक्यात’ त्या अठरा मीटरांतलं आहे. फटीतून बघितल्याशिवाय बाहेर येणं ही त्याची चूक, पुरी शंभर टक्के. पण तुमचीही त्या मिनिटाला एक होती. तिला तुम्ही चूक म्हणत नाही, आणि मीही माझ्या स्कूटरवर म्हणत नाही.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दर दहांतली सात वेगमर्यादा ओलांडण्याच्या खात्यावर आहेत. सिग्नल तोडण्याच्या खात्यावर शंभरात एक. (पोलिसांच्या नोंदीत ‘अतिवेग’ हा रकाना जरा सढळ हातानं भरला जातो अशी मला शंका आहे, पण निम्मं धरलं तरी फरक उरतोच.) मेलेल्यांत पायी चालणारे ३२,८२५. सायकलवाले शंभरात तीनच्या आसपास. आपण चिडतो ते सिग्नल तोडणाऱ्यावर, कारण तो आपल्या डोळ्यांदेखत, आपण थांबलेले असताना पुढे जातो. रांग मोडल्यासारखं वाटतं. वेगवान माणूस आपल्याला तसा खुपत नाही; तो फक्त ‘घाईत’ असतो. माझ्या मूळ लेखातही राँग साइडवर दोन पानं होती आणि वेगावर एक ओळ. तुम्ही पकडायला हवं होतंत ते हे.

राहिला दिवा. प्रतिक्रिया वाचली त्या दिवशी नव्हता. मागे नुसता रिफ्लेक्टर होता, तोही जूनमध्ये फुटलेला. रविवारी चार्जिंगचा लाल दिवा बसवून घेतला. घंटी आधीपासून होती, ती हल्ली झेब्राच्या अलीकडे वाजवते. लोक दचकून बघतात, पण बघतात.

तुमच्या सायकलचा बिल्ला जपून ठेवला असलात तर त्यावर साल कोणतं आहे ते कळवा. वडिलांच्या बिल्ल्यावरचे आकडे गंजून गेलेत आणि ते म्हणतात त्या सालावर आईचा विश्वास नाही.