माझ्या पोटात दुखतंय आणि मी दारू पीत नाही

आज डिचोलीला नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. जेवणं झाली, परत एकदा शिरा वाढायला एक जण आली, मी नको म्हटलं. का नको, का नको असं चाललं तेव्हा सरळ सांगितलं की सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय, गोड कमी केलंय. पलीकडे पुण्याचे एक पाहुणे बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "अहो, गोव्यात राहून लिव्हर चांगलं असतं तर बातमी झाली असती!" अख्खी पंगत हसली. आमच्यातलीच एक वहिनी कानाशी येऊन म्हणते, "सोरो पिता काय कितें गो तूं, लिपून लिपून?" म्हणजे लपून लपून दारू पितेस की काय.

मीही हसले. बारशाच्या घरी काय करणार? येताना आमोण्याचा पूल ओलांडला आणि उजव्या बरगडीखाली ते नेहमीचं सुरू झालं. माशेल येईपर्यंत मी पदराआड पोट दाबून बसले होते आणि आमचे हे गाडी चालवता चालवता विचारत होते, "परत?"

हो, परत. म्हणून हे लिहितेय. लांबलचक होणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

पहिली गोष्ट. मी पीत नाही. काजूच्या दिवसांत घरात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, येते, तिचा वाससुद्धा मला सहन होत नाही. लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की तिला फॅटी लिव्हर म्हणतात, आणि ती साठायला दारूच लागते असं नाही. पोटाचा घेर, साखर, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड, दिवसभर खुर्चीत बसणं, एवढं पुरतं. बारीक अंगाच्या माणसांनाही होतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने दारूशिवायच्या फॅटी लिव्हरला मधुमेह, कॅन्सर, हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, ते काय गंमत म्हणून? गोव्यात दारू स्वस्त आहे आणि तिने घरं बुडवली आहेत, मान्य. आमच्याच वाड्यावर दोन घरं आहेत. पण म्हणून प्रत्येक गोंयकाराच्या लिव्हरवर विनोद करायचा परवाना पुण्याला मिळत नाही.

पण माझा खरा राग त्या पाहुण्यांवर नाही. राग आहे तो एका टेबलावर.

सांगते. दुखायला लागलं तेव्हा आधी सगळ्यांसारखं गॅस म्हणून सोडून दिलं. मग रात्री झोपेतून जाग यायला लागली. कधी पणजीहून येताना कदंबा बसमध्ये बसल्या बसल्या, कधी रिकाम्या पोटी, कधी जेवल्यावर, कधी आठवडाभर काहीच नाही. सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे नाहीत, किडन्या ठीक, लिव्हर ग्रेड १ फॅटी, म्हणजे सौम्य. एसजीपीटी, ती लिव्हरची रक्ततपासणी, थोडंसं वर. तो कागद घेऊन एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. नाव लिहीत नाही, विचारूही नका. खोलीत तपासणीचं टेबल होतं आणि त्यावर औषध कंपन्यांच्या पिशव्या आणि फायली रचलेल्या होत्या. मी बोट ठेवून दाखवत होते, डॉक्टर, इथे, आणि इथून मागे जातं. त्यांनी बोटाकडे बघितलं नाही, रिपोर्टकडे बघितलं. मग माझ्या नवऱ्याकडे बघून विचारलं, "मिसेस ड्रिंक्स घेतात का?"

मी तिथेच बसले होते. तोंडात जीभ आहे मला.

"फॅटी लिव्हर आहे, वजन कमी करा, तीन महिन्यांनी या." संपलं. त्या टेबलावरच्या पिशव्या काही हलल्या नाहीत.

आता यात चूक काय, वजन कमी करा हे बरोबरच सांगितलं, असं तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेलच. बरोबर सांगितलं. वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरलं तर लिव्हरची सूजसुद्धा कमी होते. मी उतरवलं. ऑफिसातला गोड चहा सोडला, बेकरीची बिस्किटं सोडली, सकाळची पातळ भाजी आणि पाव रविवारपुरते ठेवले, संध्याकाळी कवळ्याच्या देवळापर्यंत चालत जाऊन येते. पुढच्या सोनोग्राफीत लिव्हर सुधारलेलं दिसलं. एसजीपीटी नॉर्मल.

आणि दुखणं? जागचं हललं नाही.

म्हणजे ज्याच्यावर आळ घेतला होता तो सुटला, आणि चोर अजून घरातच आहे. तरी आजही कोणाला पोटात दुखतं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुझं ते लिव्हर असणार." लिव्हरच्या आतल्या भागाला दुखल्याचं कळवणाऱ्या नसाच नसतात. त्याच्या बाहेरच्या आवरणाला असतात, ते ताणलं गेलं तर जडपणा वाटतो, दुखतं. काहींना फॅटी लिव्हरमध्येही वाटतो, नाही असं नाही. पण ग्रेड १ मध्ये रात्रीची झोप उडवणारी कळ यायची तर आधी बाकीचं बघायला नको? रिपोर्टवर एक नाव छापून आलं आणि सगळ्यांनी शोध बंद केला. मी कागद घेऊन गेले नसते तर त्यांनी निदान पोट तरी दाबलं असतं, असं मला अजून वाटतं.

शेवटी मैत्रीण हात धरून बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, घेऊन गेली. गर्दी तुम्हाला माहीतच आहे. आपली माणसं, वर सिंधुदुर्गातून पहाटे निघून आलेली माणसं, बाकावर जागा नाही. माझा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. एक तरुण डॉक्टर मुलगी, डोळ्यांखाली काळं, तिने पहिलं वाक्य काय म्हणावं? "वयर पड गो मावशे." वर आडवी हो मावशी. टेबल रिकामं होतं. तिने दाबून दाबून नेमकी जागा शोधली, तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, आता उशीवरून डोकं उचला. डोकं उचललं की पोटाचे स्नायू ताठ होतात. तेव्हा दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते बहुतेक पोटाच्या भिंतीचं, स्नायूचं नाहीतर नसेचं. कमी झालं तर आतलं. माझं कमी झालं. कार्नेट नावाच्या डॉक्टरने १९२६ मध्ये लिहून ठेवलेली ही परीक्षा. मशीन नको, बिल नको, उशी आणि दोन बोटं. त्या मोठ्या खोलीत एवढं करायला काय लागलं असतं? पिशव्या खाली ठेवायला लागल्या असत्या.

तिने विचारलं, वजन आपोआप उतरलं का? शौचाला काळं होतं का, रक्त पडतं का? ताप, कावीळ? घास अडकतो का? आईवडिलांपैकी कोणाला पोटाचा कॅन्सर? यातलं एखादं हो असेल तर ती लगेच सगळ्या तपासण्या घाईने करून घेणार होती. नव्हतं. तरी एंडोस्कोपी झाली, अल्सर नाही. लिव्हर किती कडक झालंय ते बघणारा फायब्रोस्कॅन केला, कडक झालेलं नाही. तो रिपोर्ट हातात घेऊन मी जिन्यावर बसून रडले, कारण रात्री मोबाईलवर सिरॉसिसबद्दल, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होण्याबद्दल, वाचून वाचून मी स्वतःला अर्धं मारून ठेवलं होतं.

मग ती म्हणाली, "कारण आज सापडलेलं नाही. पण तुम्हाला दुखतंय हे खरं आहे. आपण बघत राहू." एवढंच. आतड्यांच्या नसा गरजेपेक्षा जास्त जाग्या असू शकतात म्हणाली, आयबीएस म्हणतात तसलं काही, पण माझं त्यात नीट बसत नाही हेही तिनेच सांगितलं. उगाच शिक्का मारला नाही. मोठ्या डॉक्टरांना वेळ नसतो, हे मी समजू शकते. तिलाही नव्हता हो.

घरचा कारभार वेगळाच. सासूबाई भुंयआवळी नावाची झाडपाल्याची वनस्पती कुटून रस देतात. शेजारीण गुळवेल घेऊन आली. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, त्यांचं भांडण त्यांनी बघावं. मला आधीच लिव्हरची भीती, मी कशाला विषाची परीक्षा घेऊ? ऑनलाइन डिटॉक्स पावडरी विकणाऱ्यांबद्दल तर लिहायलाच नको, ब्लॉक करते.

सासूबाईंवर मात्र रागावता येत नाही. परवा रस परत केला तेव्हा गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की त्यांनाही तरुणपणी असंच दुखायचं. दुपारी सगळ्यांचं जेवण आटोपलं की रांधणीत थंड जमिनीवर पोट टेकून पालथ्या पडायच्या. कोणाला सांगितलं? नाही. "सांगून कितें जातलें?" सांगून काय होणार? मला त्या टेबलाची आठवण झाली. माझ्या बाबतीत निदान टेबल तरी होतं, त्यांना तर कोणी "कुठे दुखतं" एवढंही विचारलं नाही. बायकांचं पोट म्हणजे एकतर पाळी, नाहीतर गॅस, नाहीतर टेन्शन. माझं वय पन्नाशीला आलंय म्हणून आता चौथं कारण मिळालंय, "मेनोपॉज असेल." असेलही! पण आधी हात लावून बघा ना.

टेन्शनने दुखणं वाढतं, हे मला माहीत आहे. महिनाअखेरीला ऑफिसात वाढतं. म्हणून ते खोटं होत नाही.

आणखी एक, मग थांबते. खाजगीतल्या त्या भेटीत एक छापील तक्ता मिळाला होता. सकाळी ओट्स, दुपारी सॅलड आणि मल्टिग्रेन पोळी, रात्री सूप. शीत-कडीचं, म्हणजे आमच्या भात-आमटीचं, नाव नाही, मासळीचं नाव नाही, नारळ तर जणू गुन्हा. आमच्या घरी बांगडे, तारले येतात, ती मासळी चांगलीच असते. उकड्या तांदळाचं शीत किती घ्यायचं, कडीत नारळ किती घालायचा, चतुर्थीच्या पाच दिवसांत काय करायचं, हे कोण सांगणार? मी माझं मीच ठरवलं, अर्धं शीत, दुप्पट भाजी.

तर फोंडा-पणजी भागात गोंयचं जेवण गृहीत धरून तक्ता लिहून देणारी आहारतज्ज्ञ कोणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये नाव द्या. पोटाच्या अशा न सापडणाऱ्या दुखण्यासाठी कोणी तपासून, पोटाला हात लावून बघणारा डॉक्टर भेटला असेल तर तेही. औषधं सुचवू नका. रस तर अजिबात नको, फ्रिजमध्ये बाटली ठेवायला जागा नाही.